तीन मिलिमीटर

कूलर ठरवायला मला तीन आठवडे लागले.
ताईचं लग्न त्याहून लवकर ठरलं होतं.

प्रोसेसर मुकाट चालायचा, चार पॉइंट दोनवर.
मला वरचे चारशे मेगाहर्ट्झ हवे होते, बास,
चोर्ला घाटात ट्रकमागून सुटताना
पायाखाली लागतं तेवढंच काहीतरी.
पण डब्यातून फुकट आलेला पंखा
नव्वद अंशांवर किंचाळायचा
आणि ऐन चकमकीत चित्र अडखळायचं.
कानात गोकाकचा मल्लेशी: "सत्ति अक्का, सत्ति!"
मागून निपाणीचा शंतनू, शांतपणे: "मेलीस."
दोन भाषांत मरून मी हेडफोन काढायची.

हुद्दारांच्या दुकानात काउंटरवर दोन खोकी.
एकात पाणी, पंप, दोन पंखे, इंद्रधनुष्याचे दिवे,
साडेआठ हजार.
दुसऱ्यात तांब्याच्या चार नळ्या,
त्यांवर रचलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे,
एक काळा पंखा, दिवा नाही. सव्वीसशे.
मी पहिल्याकडे बघत होते.
हुद्दारांनी दुसरं खोकं पुढं सरकवलं, म्हणाले, "साकु."
साकु म्हणजे पुरे, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं.
फक्त आम्ही पुरे म्हणतो तेव्हा
ताटावर हात आडवा येतो,
त्यांनी म्हटलं ते जेवून उठल्यासारखं.

तरी मी रिकाम्या हातानं घरी आले.
बाबांना विचारलं.
एकतीस वर्षं उद्यमबागेत, मशीन शॉपमध्ये.
बेअरिंगवर तळहात ठेवायचा, तीन मोजायचे.
हात टिकला तर चालू दे, नाही तर बंद कर.
एवढंच त्यांचं तापमानशास्त्र.
"पाण्याचं नको गे," ते म्हणाले.
"पंप बसला की पहिल्यांदा मशीनला कळतं,
मग मालकाला, ऑपरेटरला सगळ्यात शेवटी."
मग बराच वेळ गप्प. मग:
"आणि ती उष्णता जाते कुठं?"
बाहेर, बाबा.
"बाहेर म्हणजे माझ्या खोलीतच की."

सव्वीसशेवालाच आणला.
बाबांनी कपाटातून व्हर्निअर काढला,
तेलकट फडक्यात गुंडाळलेला.
कॅबिनेटच्या आत जागा: एकशे पंचावन्न.
कूलरची उंची: एकशे अठ्ठावन्न.
ज्या माणसानं दोन शतांश मिलिमीटरसाठी
अख्खी बॅच परत पाठवली होती,
त्याच्यापुढं मी तीन मिलिमीटर घेऊन उभी.
रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

सकाळी बाजूचा पत्रा गायब.
बाबाही.
निवृत्तीनंतर तिकडं एकदाही फिरकले नव्हते.
संध्याकाळी आले ते कूलंटच्या वासासकट,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा.
मधोमध गोल भोक, कड बोटानं फिरवली तरी न बोचणारी,
भोकावर बारीक जाळी.
"सगळी पोरं नवीन आहेत तिथं," एवढंच बोलले.
"एकानं चहा दिला."

पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी टाकली.
स्क्रू मी आडव्या जोडीनं आवळत होते,
ते न सांगता मान हलवत होते.
चार पॉइंट सहाला पडदा निळा झाला.
व्होल्टेज वाढवलं, पुन्हा निळा.
आणखी थोडं देता आलं असतं.
साडेचारवर उतरले. अर्धा तास ताण दिला,
आकडा चौऱ्याहत्तरवर येऊन बसला,
हलेना.
तीनशेच मिळाले, चारशे नाही.
हुद्दारांचा शब्द तोंडात आला, मी तो मोठ्यानं म्हटला नाही.

रात्री दीडला मल्लेशी पुन्हा ओरडत होता,
मी पुन्हा मेले होते,
आता दोष पंख्याला देता येत नव्हता.
मागं वळून पाहिलं तर बाबा उठून आलेले,
जाळीवर तळहात ठेवून उभे,
ओठ हलत होते:
सात, आठ, नऊ.