बजेट दोनशे

हिलटाउनच्या चढावर, चौथ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावर एक काळा डबा आडवा पडलाय,
पोट उघडं,
आणि शाल्मली त्यात कोपरापर्यंत.
आज सकाळपासून आम्ही ओट्याशी उभ्यानेच खातोय.

डबा हिशेबनिसांच्या ऑफिसातला.
ऑफिस बंद झालं, डबे दारात राहिले.
घेऊन जा, तिथला माणूस म्हणाला,
फेकायचेही पैसे पडतात.
बसमध्ये त्याला खिडकीची सीट दिली, मी उभी राहिले.

उघडला तर आत कुत्र्याचे केस.
हिशेबनिसांकडे कुत्रा होता तर. तांबूस.
मी दाढीच्या ब्रशने झाडून काढले.
ब्रश मागे राहिलाय.
दाढीवाला ग्लासगोला गेला, त्याला तीन वर्षं झाली.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट सिमेंट झालेली.
वॉर्डातल्या स्पिरिटच्या चार पुसण्या माझ्या खिशातून निघाल्या,
त्याबद्दल इथे जास्त बोलायला नको.
"आता नवी लाव. तांदळाएवढी," शाल्मली म्हणाली.
"आंबेमोहोर की बासमती?"
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मलाच बरीच वर्षं अपडेट मिळालेलं नाही.

हिशेब तिच्या गणिताच्या वहीत, शेवटच्या पानावर.
ग्राफिक्स कार्ड सत्तर. आर्ब्रोथ स्टेशनवर एका मुलाकडून.
देताना त्याने पंखा बोटाने एकदा फिरवून पाहिला,
मग पुन्हा एकदा, आणि पटकन वळला.
पॉवर सप्लाय फुकट, असं वहीत लिहिलंय.
तो खालच्या मिसेस डोइगच्या नातवाचा,
आणि फुकट म्हणजे
त्यांच्या पाळीचे दोन रविवार जिना मी धुतला.

पण ऑफिसच्या डब्याचं तोंड आठ पिनांचं
आणि नातवाची केबल चोवीसची.
मध्ये सहा पौंडांचा एक तुकडा घालावा लागला,
सोयरीक जमवणाऱ्या मामासारखा,
दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकून घेणारा.

दुपारी तीनला बटण दाबलं.
पंखा फिरला. अर्धा फेरा. थांबला.

शाल्मली ओरडली नाही.
"मी काहीतरी जाळलं," एवढंच, आणि तेही इंग्रजीत.
मग वीस मिनिटं आम्ही रॅम काढून घातली,
एकेक केबल दाबून पाहिली,
टॉर्च तोंडात धरून तिने मदरबोर्डवरचा प्रत्येक स्क्रू मोजला.
मी चहासाठी दूध काढायला गेले
तर फ्रिजमध्ये दिवा नाही.

मीटर शून्यावर. उसनी वीजसुद्धा संपलेली.

किल्ली घेऊन मी उतार उतरले,
चपलांवरच, फेब्रुवारीत,
समुद्रपक्षी कुणाच्या तरी चिप्सवरून भांडत होते
आणि टेवरून येणारा वारा पाठीत हात घालून ढकलत होता.
दहा पौंड भरले.
चढ चढताना विचार करत होते,
हे दहा वहीत लिहायचे का?
लिहिले तर दोनशे चार होतात.
नाही लिहिले.

दुसऱ्यांदा एक छोटी शिटी वाजली
आणि टीव्हीवर, मॉनिटर अजून कुठे आहे आमच्याकडे,
पांढरी अक्षरं उमटली.
शाल्मलीने माझा दंड इतका घट्ट धरला
की तिची नखं अजून दिसतायत.

रात्री तिने दुसरी डिस्क जोडली,
बाबाच्या जुन्या लॅपटॉपमधली.
आत एकच फोल्डर होतं, सातारा २०१४.
तिने उघडलं नाही. मीही नाही.
"आई, हे पुसू?"
"गेम केवढा आहे तुझा?"
"नव्वद जीबी."
"आणि जागा?"
"पुसलं तर पुरेल."
चुलीवर, म्हणजे आमच्या हॉबवर, आमटी उतू चालली होती,
मी तिकडे बघत म्हटलं, पूस.

मला वाटलं होतं
निदान एक भांडं घासून होईल तेवढा तरी वेळ लागेल.
मी नळ सोडला,
पाणी गरम व्हायच्या आत ती म्हणाली,
झालं.