इटकळ साहेब

हजेरीबुकात नाव आहे, जाड निबाचं:
विथिक्लफ, विव्हिंग मास्तर, सन अठ्ठावीस.
गिरणी मोडीत निघाली तेव्हा भंगाराच्या काट्यावरून
एवढं एक बुक मी उचललं.
बाकीची किलोवर गेली.

आमचे आजोबा लिंगय्या त्याच्या हाताखाली, साचा नंबर चाळीस.
विथिक्लफ कुणाच्या तोंडात बसेना.
कानडी जॉबरनं त्याचं इटकळ केलं,
मग साऱ्या खात्यात तेच:
इटकळ साहेब आला, इटकळ साहेबानं दंड मारला.
नळदुर्गाच्या वाटेवर खरं इटकळ आहे,
तिथला एक बदली कामगार गावात सांगत सुटला,
गिरणीचा मोठा साहेब आपल्याच पांढरीतला.

परवा उन्हाळ्यात विलायतेहून पत्र आलं.
बाई लिहिते, या आडनावाची मी शेवटची.
विथी म्हणजे वाळुंजाचं झाड,
क्लफ म्हणजे अरुंद घळ.
तिथं चार घरं होती, ओढा होता, लोकरीचे माग होते.
मग शहराला पाणी हवं झालं
आणि घळीच्या तोंडाशी धरण बांधलं.

म्हणजे वाळुंजकर!
अहो, वाळुंजकर आमच्या बँकेत कॅशियर होते,
शिंकले की नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आणि आम्ही चिंताकिंदी. तेलुगूत चिंचेखालचे.
कुठली चिंच, कुणी पाहिली?
आजोबा म्हणायचे, अजून उभी असेल.
थोरली आत्या म्हणायची, कधीच तोडली,
तिचेच धोटे करून तर सोलापुरात आलो.

रेल्वेपलीकडच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात
तीन सकाळी घालवल्या.
नऊलाच ऊन मानगुटीवर बसतं.
कुंपणाकडेला, घाणेरीच्या झुडपात, सापडला दगड.
वरचा कोपरा उडालाय.
विथी गेली, क्लफ तेवढं राहिलंय,
वाळुंज नाही, नुसती घळ,
कोरलेल्या अक्षरांतून मुंग्यांची ये-जा.

फोटो काढला, मागं दोन ओळी लिहिल्या,
इटकळचंही लिहिलं, बाईला हसू येईल म्हणून.

कुरिअरवाली पोरगी मान वर न करता म्हणाली,
पाठवणाऱ्याचं आडनाव?
चिंताकिंदी, म्हटलं.
तिनं टाईप केलं: चिंतामणी.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
मागं रांग होती.
राहू दे म्हटलं, पावती द्या.