माकडहाड

तालमीतून सातगोंडा आला, कलत कलत.
"उताणं निजा" म्हटल्यावर बिथरलाच;
पैलवान उताणा कसा होईल?

फिल्म उजेडाला धरली.
कण्याच्या टोकाला चार मणी, एकमेकांत मुरलेले,
खालच्याला चीर.
"माकडहाड."
"आनि ते माझ्यात?" हसला, कळवळला.

शेपूट गेलं, खुंटी राहिली.
हा शब्द पाडणाऱ्यानं पुस्तक नसेल वाचलं,
चाचपलं असेल फक्त.

"मग ही कुस्ती लावली कुनी?"
कुणीच नाही, सातगोंडा.
वस्ताद नाही, पंच नाही, हलगीसुद्धा नाही.
तगला त्याची पोरं,
पोरांत तगलं त्याची पोरं,
बाकी माती.

तो गेला.
फरशीवर तांबडी पावलं, गंगावेशीकडं तोंड केलेली.
मावशी फडकं घेऊन आल्या.
म्हटलं, राहू द्या जरा.