कापलेले पन्नास

बेतूलच्या धक्क्यावर रुमाल्द सांगत होता:
नाव मोठं हवं, सायबिणीचं चित्र हवं,
दोन्ही पोरींची नावं, फोन नंबर, एक इसवण,
आणि उरलेल्या जागेत लाटा.

कायतानमामा विडी विझवून एवढंच म्हणाला,
"होडी आहे ती. लग्नाची पत्रिका नव्हे."

मी तेव्हा ब्रश धुणारा पोर.
त्याने सुतळीला खडूची पूड चोळली,
एक टोक माझ्या अंगठ्याखाली,
ताणून टणकन सोडली.
गर्द निळ्या फळीवर उमटली शिरोरेषा.
"अक्षरं हिला लटकतात.
ही कलली, की सगळी सांडली."

मग पिवळ्यात, फक्त 'रोझा'.
दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजलं नाही.
डोळे बारीक करून मागे मागे गेला
वाळत घातलेल्या बांगड्यांपर्यंत,
परत आला, 'झा' पुसला,
बोटभर आत घेतला.
बाकी निळं तसंच ठेवलं.

रुमाल्दने पन्नास रुपये कापले:
जे रंगवलंच नाहीस, त्याचे.
मामाने उरलेल्या नोटा न मोजता खिशात घातल्या.

दुसऱ्या संध्याकाळी साळ नदीच्या मुखातून
होड्या आत शिरल्या, एकीला एक खेटून,
संत, फुलं, झेंडे, नंबर, सगळा रंगीत चिखल.
त्यातून लांबूनच वाचता आली
ती रोझा.

आता पणजीत, पडद्यासमोर,
रोज कुणीतरी सांगतं:
लोगो जरा मोठा करा,
इथे बरीच जागा रिकामी राहिलीय.
मी हो म्हणतो. बहुतेकदा करतोही.
पूर्ण पैसे मिळतात.
मोजताना बोटं उगाच शोधत राहतात
ते पन्नास,
जे माझे अजून कुणी कापलेले नाहीत.