पहिला हसतो

तांदूळ तीन दिवस भिजले.
रोज पाणी बदलायचं, एवढ्यावर दोघींचं एकमत.
पण वाळवायचे कुठे?
वास्कोत गॅलरीत काही पसरलं
की बंदरावरचा कोळसा आधी जेवून जातो.
शेवटी सेंदिलच्या धुवट वेष्टीवर,
हॉलमध्ये, पंख्याखाली
वाळले ते, टीव्हीवरच्या बातम्या ऐकत.

वडिवाम्बाळ, माझी विहीण.
मला तमिळ येत नाही, तिला मराठी,
आणि तिची कोकणी बाजारापुरती:
कितलें, म्हारग, पुरो.

मी साखळीची. आमचा गूळ किसून
कच्चाच पिठात जातो, नि डबा फळीवर.
तिचा गूळ आधी आचेवर चढतो.
वाटीतल्या पाण्यात थेंब टाकते, बोटांनी चाचपते.
नाही. पुन्हा टाकते. नाही.
सातव्यांदा थेंबाची गोळी वळली
तेव्हा मान हलवली, माझ्याकडे न बघता.
तिच्या परातीत सुंठ, वेलची, तीळ.
माझ्याकडे खसखस.
ओट्यावर मधोमध
लेकीनं विसरलेली पाण्याची बाटली;
ती दोघींपैकी कुणीच उचलली नाही.

पहिला माझा सोडला.
खसखस वर, उलटायचा नाही,
झाऱ्यानं तूप उडवत राहायचं.
कडा सुटली, जाळी पांगली,
बघता बघता कढईभर झाला.
"हसला," मी म्हटलं.
"एन्ना?"
आता हे कसं सांगावं.
कढई दाखवली. मग माझे दात,
जे काही उरलेत ते.
तिनं कढईत बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं,
आणि पदर तोंडात कोंबून बाई अशी हसली
की गॅस मलाच बंद करावा लागला.
लग्नातल्या एकाही फोटोत ही हसलेली नाही.

मग तिचे अतिरसम. केळीच्या पानावर थापलेले,
तळून दोन झाऱ्यांमध्ये दाबलेले.
तूप निथळून परत कढईत.
एवढं पिळल्यावर उरणार काय, मला वाटलं.
उरतं. काळसर, मऊ, बोटांना चिकटणारं.

खाली पोरं गाणी लावून
नरकासुराला मिशा डकवत होती.
वैदेही ड्यूटीवरून आली, डबे उघडून म्हणाली,
"यातले कुणाचे कुठले?"
आम्ही जमिनीवर बसून
हसलेल्याचा चुरा खात होतो, एकाच वाटीतून.
चांगला नव्हता. तुपानं थबथबलेला.
"पुरो," वडिवाम्बाळ म्हणाली,
आणि अजून एक चिमूट घेतली.