अर्धा थेंब

शहाद्यात एप्रिलला ब्यूरेटमधलं पाणीही कोमट.
वीज गेली की एक्झॉस्ट पंखा थांबतो
आणि अमोनियाचा वास व्हरांड्यातून
थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये.

पुण्याहून गाइड विचारतात, दर दिवाळीला:
"तो प्रश्न अर्धाच राहिला ना गं?"
राहिला, सर.
वही आहे अजून. मागच्या पानांवर
मिहिकानं सात घरं काढलीत,
एकालाही दार नाही.

लोकांना वाटतं, लेकीसाठी सोडलं.
सासूबाई तेच सांगतात, कौतुकानं.
मी दुरुस्त करत नाही.
थोडं तेही खरं:
तिला ताप असला की ती स्टाफरूमच्या बाकावर निजते,
उशाला न तपासलेल्या जर्नल्सचा गठ्ठा.

पण काल,
तळोद्याकडून रोज एसटीनं येणारी सुरमिला पावरा
कॉकवर बोट ठेवून, श्वास धरून उभी.
"मॅडम, अजून एक टाकू?"
मला माहीत होतं. बोलले नाही.
तिनं अर्धाच थेंब टोकाशी येऊ दिला,
काचेच्या कडेला टेकवला,
वॉश बॉटलनं हळूच खाली लोटला.
गुलाबी. इतकं फिकट
की खाली कोरा कागद धरावा लागला.
"आलं," ती म्हणाली.
मला नाही, फ्लास्कला.

रात्री कळण्याचं पीठ मळताना
मिहिकानं विचारलं, आज काय शोधलंस?
अर्धा थेंब, म्हटलं.
"हॅ! अर्धा कसा असेल?"

नळ सकाळीच गेलेला.
तोटीला एक लोंबत होता.
तिनं त्याखाली बोट धरलं
आणि पडू दिला नाही.