पस्तीस ग्रॅम

हिद्दच्या प्लांटवर बारा तास
मी समुद्रातून मीठ काढतो,
आणि मुहर्रकला, तिसऱ्या मजल्यावर येऊन
बादलीत परत घालतो:
लिटरला पस्तीस ग्रॅम,
कणकेच्या वजनकाट्यावर तोलून.

टाकी इद्रीसची.
तो पोर्ट सुदानला कायमचा निघाला तेव्हा
सामान तीस किलो, पाणी नव्वद लिटर.
किल्ली देताना म्हणाला, मासे दोन आहेत, ते जगतील.
ह्याच्याकडे बघ.

हे म्हणजे एक लेदर कोरल.
भिजल्या चपलेच्या रंगाचं,
अळंबीसारखं देठावर उभं.
मी सांगोल्याचा.
आमच्याकडे पोवळं म्हणजे मंगळासाठी
करंगळीशेजारच्या बोटात घालायचं.
ते जेवतं, रुसतं, अंग चोरतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी मिटलं.
सगळी बोटं आत ओढून घेतली,
वर मेणचट साय धरली
आणि एका अंगाला कललं,
तापातलं पोर कलतं तसं.

मला येतं तेच मी केलं.
फिल्टर धुतला, काच घासली,
दिवसाआड पाणी बदललं, दिवा वाढवला.
नायट्रेट शून्य.
वहीत त्या शून्याखाली दोन रेघा मारल्या.
प्लांटवर असा आकडा आला
की शिफ्टचा साहेब पाठ थोपटतो.

गुदैबियातल्या दुकानात रोडेलने
माझा फोटो दोन बोटांनी ताणून पाहिला,
मग मलाच पाहिलं.
"इतना साफ पानी में, भाई,
वो खाएगा क्या?"

मग दिवा निम्म्यावर आणला.
पंपाचं तोंड वळवलं,
धार थेट अंगावर नको,
पाठीवरून हात फिरावा तशी जावी.
माशांना चिमूटभर जास्त.
त्यांनी टाकलेलं तसंच राहू दे.
आणि हात खिशात.
हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

ऑगस्टात एका रात्री इमारतीचा एसी गेला.
लबानच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी गोठवून ठेवलं होतं,
त्या एकेक करून टाकीत तरंगत सोडल्या.
तीस. एकोणतीस. सव्वीस.
मी स्वतः लादीवर, उघडा,
थर्मामीटरकडे तोंड करून.

एकोणिसाव्या दिवशी साय सुटली.
एका कडेने, उकडल्या बटाट्याच्या सालीसारखी,
धारेत फडफडत राहिली.
ओढून काढावीशी फार वाटली.

रात्रपाळीहून आलो,
बूटही काढले नव्हते.
सगळ्या टोपीवर इवले इवले हात,
प्रत्येकाला आठ बोटं.
चष्मा लावून मोजली.
दुसरीकडे पुन्हा मोजली. आठच.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणायचे वडील.
चौदा वर्षांत मी काढलेलं मीठ
नळीने परत समुद्रातच जातं,
ते कुणी खाल्लेलं नाही.
हे पस्तीस ग्रॅमचं तेवढं
कुणाच्या तरी अंगी लागलं.

इद्रीसला फोटो पाठवला.
अजून एकच टिक आहे.

काचेच्या कोपऱ्यात
शेवाळाची हिरवी पुसट रेघ आली आहे.
फडकं हातात घेतलं होतं.
ठेवून दिलं.